शेंदऱ्याची शेवटची आढी

कोल्हारच्या अजिनाथाला थांबता येत नाही. हे गावात शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे. खुद्द त्यालाही कुणी कुणी सांगून पाहिलं, पण वाक्य पूर्ण होईपर्यंत तो समोर उभा राहिला तर ना!

जन्मालाच तो सातव्या महिन्यात आला. शाळेत घंटा व्हायच्या आधी त्याचं दप्तर पाठीवर आणि पाय उंबऱ्याबाहेर. लग्नात मंगलाष्टकं निम्मी झाली असतील नसतील, यानं अंतरपाटावरून हात लांब करून विजयमालाच्या गळ्यात हार घालून टाकला. उरलेली मंगलाष्टकं भटजींनी म्हटली खरी, पण कुणी ऐकली नाहीत. वऱ्हाड पंगतीकडे वळलं होतं. कांद्याची लागण केली की हा चार दिवसांनी रोप उपटून बघतो, मूळ धरलंय का. मूळ धरलेलं असतं, पण याच्या हातात आल्यावर ते कशाला धरून राहील? नगरला जायचं म्हणून स्टँडवर आला की पहिली जी गाडी लागेल तिच्यात चढून बसतो, आणि असा तो निदान दोनदा तरी शिर्डीला जाऊन आला आहे. साईबाबांनाही आता त्याची सवय झाली असेल. गावानं त्याचं नाव घाईनाथ ठेवलं. त्यालाही त्याची हरकत नाही, कारण हरकत घ्यायला आधी थांबावं लागतं.

तर अशा माणसाच्या बांधावर आंब्याचं झाड होतं. झाडाचं नाव शेंदऱ्या. अजिनाथ जन्मला त्या वर्षी त्याच्या आईनं, आक्काबाईनं, कोय लावली होती. गावरान आंबा, देठापाशी शेंदूर फासल्यासारखा लाल, पातळ रसाचा. ज्यानं एकदा खाल्ला तो पुढच्या उन्हाळ्यात आपणहून अजिनाथाच्या घराकडे काहीतरी काम काढायचा. एकट्या अजिनाथानं मात्र पन्नाशी ओलांडली तरी पुरता पिकलेला शेंदऱ्या खाल्ला नव्हता. झाडावर कैऱ्या धरल्या की तो मीठ-तिखट घेऊन झाडाखाली, आणि आढी लावली की आंबा जरा कुठे गदरला न गदरला तोच त्याचे दात त्यात. मग एक डोळा मिटून म्हणायचा, "गोड हाय, पर लई न्हाई."

यंदा वैशाखात अवकाळी वादळ झालं आणि शेंदऱ्या मुळासकट आडवा झाला. फळं भरलेली होती, पाडाला आलेली नव्हती. अजिनाथ बांधावर गेला आणि झाडाच्या बुंध्यापाशी चक्क बसला. कितीतरी वेळ बसला. विजयमाला घाबरलीच. हा माणूस बसतो म्हणजे काहीतरी मोठं दुखणं आहे. जवळ जाऊन बघते तर त्याचे डोळे भरलेले. "माझ्या वयाचा हुता," एवढंच म्हणाला आणि उठून पाट्या आणायला पळाला.

घरात त्या वेळी त्यांची लेक स्नेहल बाळंतपणाला आलेली होती. पहिली खेप, दिवस भरत आलेले. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली पोरगी, नवरा पुण्यात नोकरीला. पाट्या ओट्यावर आल्या तशी तिनं एक हिरवा आंबा उचलला, नाकाशी धरला आणि म्हणाली, "आप्पा, मला शेंदऱ्याचा रस खायचाय. आता पुन्हा कुठं मिळणार?"

"आजच्या आज!" अजिनाथ म्हणाला.

"आजच्या आज कसा? पिकायला नको का?" विजयमाला म्हणाली.

आतून आक्काबाईची काठी वाजली. आक्काबाईचा आवाज बसला आहे, पण शब्द अजून चालतो. "काय खायचंय ते आधी खा म्हणावं. बाळंतिणीला सव्वा महिना आंबा न्हाई. ह्या घरात न्हाई."

आक्काबाईनं न्हाई म्हटल्यावर तिथं डॉक्टरचंही काही चालत नाही. सव्वा महिन्यानंतर आंब्याच्या फक्त कोयी उरणार. म्हणजे आंबे आधी पिकले पाहिजेत आणि बाळ मागून आलं पाहिजे. दोन्ही गोष्टी आपापल्या मर्जीनं होणाऱ्या, आणि मध्ये अजिनाथ.

मागच्या खोलीत त्यानं आढी लावली. खाली उसाचं पाचट, वर गव्हाचं काड, त्यात आंबे, त्यावर पुन्हा काड आणि सगळ्यावर गोणपाट. आढी लावली झकास. त्या कामात त्याला कुणी नाव ठेवणार नाही. दार ओढून बाहेर आला, तोंड धुतलं, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत आढी उघडून बघून आला.

मग ते सुरूच झालं. धार काढायला जाताना एकदा, येताना एकदा. जेवता जेवता उठून एकदा. शेजारचे काकासाहेब भेटायला आले तर त्यांना दाखवायला म्हणून एकदा, आणि ते गेल्यावर त्यांनी एखादा पळवला तर नाही ना हे बघायला एकदा. नुसतं बघून भागेना. प्रत्येक आंबा हातात घ्यायचा, अंगठ्यानं दाबायचा, हुंगायचा आणि परत ठेवायचा. काकासाहेबांनी सल्लाही दिला, "त्यापरीस पावडर टाक. बाजारात टाकतात की." त्यावर विजयमालानं पोळपाट-लाटणं हातात असतानाच त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा अर्धा टाकून गेले. गरोदर लेकीला कार्बाइडचा आंबा! बंदी आहे त्या पावडरीवर, आणि नसती तरी विजयमालानं घातली असती.

आंबे काही पिकेनात. काही आंब्यांना एकाच जागी काळा डाग पडला, तिथं बोट आत जाईल एवढं मऊ, आणि बाकी सगळा दगड. शेवटी एक दिवस दुपारी स्नेहल पोट सावरत मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बाप आढीपुढं मांडी घालून बसलेला, दोन्ही हातांत दोन आंबे.

"आप्पा, आंबा कशानं पिकतो?"

"उबीनं. ही काय, शाळा हाय का?"

"ऊब लागतेच. पण आंबा स्वतःच एक वायू तयार करतो. एथिलीन म्हणतात. डोळ्याला दिसत नाही. कच्च्या आंब्यात तो अगदी नावाला असतो, आणि आत ब्रेक दाबून ठेवलेला असतो, इतक्यात पिकायचं नाही म्हणून."

"आंब्याला ब्रेक?"

"सगळ्यांना असतो. तुम्हाला सोडून. तो वायू ब्रेकला जाऊन चिकटला की ब्रेक सुटतो. मग आंबा मऊ पडतो, आत साखर होते, रंग चढतो. आणि गंमत अशी, की पिकायला लागलेला आंबा आणखी जास्त वायू सोडतो. त्यानं शेजारचा जागा होतो, तोही सोडायला लागतो. म्हणून तर आढी लावायची. सगळ्यांनी मिळून एकमेकांना पिकवायचं."

अजिनाथाला हे एकदम पटलं. "म्हंजी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवानी. एकानं दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्यानं चौघांना."

"अगदी तसंच. आणि तुम्ही काय करता? दर वेळी गोणपाट उघडता. साठलेला वायू उडून जातो. टपरीवर माणसं जमायच्या आत उठवून लावता तुम्ही त्यांना."

"पर दाबल्याबिगर कळायचं कसं?"

"दाबलं की आंब्याला जखम होते. जखमेपाशी तो वायू जास्त करतो, म्हणून तेवढीच जागा आधी मऊ पडते आणि सडते. हे बघा."

अजिनाथानं पाहिलं. सही न येणाऱ्या माणसानं कागदावर उठवावेत तसे त्यानं आंब्या-आंब्यावर अंगठे उठवून ठेवले होते. त्याला फार वाईट वाटलं. लेकीची एवढीशी इच्छा आणि आपल्याच अंगठ्यानं तिची माती व्हावी!

"म्हंजी वायू भाईर जाऊ द्यायचा न्हाई," तो म्हणाला.

"हो, पण आप्पा, त्यात आणखी एक..."

पण आप्पा निघून गेले होते. स्नेहलचं पुढचं वाक्य खोलीतच राहिलं, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या एका वाक्यापायी झाला.

काकासाहेबांचा गाईंचा मोठा गोठा आहे. आमच्या भागात गोठा म्हटला की मुरघास आला. म्हणजे मक्याची कुट्टी करायची, जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरायची, तुडवून तुडवून सगळी हवा बाहेर काढायची आणि तोंड आवळून टाकायचं. आत आंबून त्याचा चारा होतो. हवा आत जाणार नाही, बाहेर येणार नाही. अजिनाथानं विचार केला, वायू कोंडायला याहून चांगली जागा पृथ्वीवर नाही.

विजयमाला स्नेहलला तपासणीला घेऊन गेली होती. अजिनाथानं डागाळलेले आंबे उकिरड्यावर टाकले, उरलेले सगळे पाटीत भरून काकासाहेबांच्या गोठ्यात नेले आणि मुरघासाच्या एका नव्या पिशवीत ओतले. त्यानं आणि काकासाहेबांनी मिळून पिशवी दाबली. अजिनाथ तिच्यावर बसलासुद्धा, फार जोर न देता, लेकीचे आंबे आहेत म्हणून. हवा फुस्सकन गेली. सुतळीनं तोंड आवळलं. घरी येऊन त्यानं मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली विजयमालाच्या हातात दिली.

"आता मी बघायचो न्हाई," तो म्हणाला.

विजयमालाला आधी खरं वाटलं नाही. पण खरंच, अजिनाथ त्या खोलीकडे फिरकेना. जेवताना उठेना. धार काढून आला की ओट्यावर बसून गुणगुणायचा. गावात बातमी झाली. अजिनाथ थांबला म्हणून दोघंतिघं बघायला येऊन गेली. विजयमालानं देवापुढं साखर ठेवली. "पोरीच्या पायगुणानं माणूस सुधारला," असं ती बायकांत सांगायला लागली. जन्मात पहिल्यांदा हा माणूस थांबत होता, आणि तोही नेमका चुकीच्या ठिकाणी.

शंका आली ती स्नेहलला. "आई, एव्हाना दारातून वास यायला पाहिजे होता," ती म्हणाली. कुलूप काढलं. गोणपाट उचललं. आत नुसतं काड.

"अहो, आंबे कुठायत?"

"कोंडलेत," अजिनाथ अभिमानानं म्हणाला आणि सगळं सांगितलं. स्नेहल मटकन बाजेवर बसली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाही कळेना. "आप्पा, मी सांगत होते ना, आणखी एक गोष्ट आहे म्हणून. तो वायू बनवायला आंब्याला हवा लागते! हवाच नाही तर वायू कुठला आणि पिकणं कुठलं?"

सगळी वरात काकासाहेबांच्या गोठ्यात गेली. सुतळी सोडली आणि आतून असा दर्प आला की काकासाहेबांनी आधी रस्त्याकडे पाहिलं, कुणी जात तर नाही ना. देशी दारूच्या दुकानात येतो तसा वास. आंबे वरून हिरवेगार, आतून तपकिरी आणि गिळगिळीत. कुणाच्या लक्षात यायच्या आत एका गाईनं मान लांब करून त्यातले पाच-सहा गट्टम केले आणि दिवस मावळेपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून, जुनी ओळख निघाल्यासारखी, मान डोलवत उभी राहिली.

अजिनाथ घरी आला आणि जेवला नाही. "म्या खाल्ला शेंदऱ्या," तो म्हणाला. "वादळानं झाड पाडलं, आंबे म्या घालवले." त्याचा चेहरा बघून स्नेहललाच भरून आलं. तेव्हा विजयमाला माडीवर गेली आणि एक लहान पाटी घेऊन आली. लोणच्यासाठी म्हणून तिनं पहिल्याच दिवशी थोडे आंबे वेगळे काढले होते. नवऱ्याला सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात एवढं तरी माणूस शिकतंच.

लोणचं राहिलं. ही आढी स्नेहलनं लावून घेतली. काडात आंबे, मधोमध एक पिकलेलं केळं. "हे केळं टपरीवरचा पहिला माणूस," ती म्हणाली. वर गोणपाट, हवा खेळती राहील इतपत. "आता ह्यांना आपलं काही नको. आतून तयारी चालू झालीये. फक्त त्यांच्या वाटेतनं बाजूला व्हायचं. जमेल आप्पा?"

"न जमायला काय झालं," अजिनाथ म्हणाला आणि हात कुठे ठेवावेत ते न कळून कमरेवर ठेवले.

खरं थांबणं कशाला म्हणतात ते तेव्हा दिसलं. या वेळी आंबे समोर होते, खोलीला कुलूप नव्हतं, आणि थांबायचं होतं. विजयमालानं त्याला डिंकाच्या लाडवांसाठी खारका फोडायला बसवलं. त्या संपल्या. मग लसूण सोलायला दिला. घरातला सगळा लसूण सोलून झाल्यावर त्यानं शेंगांचं पोतं ओढलं आणि बियाण्याला ठेवलेल्या शेंगासुद्धा फोडून टाकल्या. दाराकडे पाय निघाले की तो मध्येच वळून गोठ्यात जायचा आणि गाईंना सांगायचा, "आतून तयारी चालू हाय." गाई रवंथ करत ऐकायच्या. त्यांना घाई नसतेच.

अशात एका सकाळी स्नेहलला कळा सुरू झाल्या.

गाडी आली, सगळे दवाखान्यात गेले. जावई पुण्याहून निघाला होता. तो वाटेतून सारखा फोन करत होता, विजयमाला येरझाऱ्या घालत होती, आणि अजिनाथ बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला होता. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "पहिलटकरीण आहे, वेळ लागेल."

"लागू द्या," अजिनाथ म्हणाला.

विजयमालानं येरझाऱ्या थांबवून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. त्याला आत भयंकर भीती वाटत होती, हे त्यानं नंतर सांगितलं. पण दाराच्या आत त्याचं काही काम नव्हतं, एवढं त्याला आढीनं शिकवलं होतं. दिवस कलता कलता मुलगी झाली, पुऱ्या दिवसांची, ठणठणीत.

धारेसाठी तो एकटा घरी परतला. फाटकातच थबकला. सगळं घर शेंदऱ्याच्या वासानं भरून गेलं होतं. मागच्या खोलीच्या दारापाशी जाऊन त्यानं कडीला हात लावला, आणि काढून घेतला. "जिचे हायत तिला येऊ दे," असं म्हणून तो धार काढायला गेला.

पोर घेऊन स्नेहल घरी आली तेव्हा आक्काबाईनं दोघींवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. उंबऱ्याच्या आत पाऊल पडताच स्नेहलला वास आला. तिनं आजीकडे पाहिलं. सगळ्यांनीच आजीकडे पाहिलं.

आक्काबाईनं लेकाला विचारलं, "उघडलीस?"

"न्हाई."

"येकदाबी?"

"न्हाई आई. देवाशपथ."

आक्काबाई खाटेवर टेकली. काठीच्या मुठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तू सातव्या म्हयन्यात जल्मला. येवढासा, मुठीयेवढा. समदी म्हनत हुती, ह्ये काय जगत न्हाई. तुला कापसात गुंडाळून पाटीत ठिवला हुता. सासूबाई वरडायच्या, सारखं उघडू नगं, पोराला गार लागंल. पर मला कसं ऱ्हाववंल? जिता हाय का न्हाई, कसं कळायचं? त्यांची पाठ वळली की मी उघडून बघायची. रातंदीस बघायची."

अजिनाथ आ वासून ऐकत होता. "म्हंजी ही खोड तुझी हाय व्हय?"

"माजीच. म्हनून तर तुला कवा बोलले न्हाई." तिनं पदरानं डोळे टिपले आणि लगेच काठी आपटली, "जा, काढ आंबे. पोरगी वाटीभर खाईल. सव्वा म्हयन्याचं देवाला काय सांगायचं ते मी सांगते."

विजयमालानं भावकीला कळायच्या आत रस काढला. स्नेहलनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. अजिनाथाच्या वाट्याला कोय आली. जन्मभराच्या शेंदऱ्याची, पहिल्यांदाच पुरत्या पिकलेल्या आंब्याची. त्यानं ती चोखली, कोपरापर्यंत ओघळ येईपर्यंत चोखली. सगळे तो आता काय म्हणतो म्हणून बघत होते.

"गोड हाय," तो म्हणाला, आणि कोय पुन्हा तोंडाला लावली.

ती कोय त्यानं अंगणात लावली, नातीच्या नावानं. विजयमालानं लगोलग तिच्याभोवती बाभळीच्या काट्यांचं दाट कुंपण घातलं. अंगणात गुरं येत नाहीत, शेळीही नाही. ते कुंपण अजिनाथासाठी आहे.

नातीला मात्र कुणी कुंपण घातलेलं नाही. ती दुपट्यात गुंडाळलेली झोपली की अजिनाथ जाता जाता थांबतो, दुपट्याचा कोपरा हळूच उचलून बघतो आणि परत झाकतो. थोड्या वेळानं पुन्हा येतो. आक्काबाई खाटेवरून बघत असते, आणि त्याला काही बोलत नाही.